डाव्या बाजूची पायरी

१

झाडावर चढण्याआधी मामा तीन गोष्टी सांगायचा आणि त्यातल्या दोन साफ चुकीच्या असायच्या.

पहिली, कापलेल्या जागी डांबर फासायचं, म्हणजे जखमेला हवा लागत नाही. दुसरी, पोकळ बुंध्यात सिमेंट भरायचं, म्हणजे झाडाला कणा मिळतो. दोन्हींमुळे झाड आतून सडतं हे कळून जमाना झाला होता, फक्त मामापर्यंत ती बातमी पोचायची होती. तिसरी गोष्ट मात्र बरोबर होती. वरच्याने ‘खाली?’ असं विचारल्याशिवाय आणि खालच्याने ‘मोकळं!’ असं ओरडल्याशिवाय फांदी सोडायची नाही. मुंगळे चावोत, हात भरून येवोत, नाही म्हणजे नाही.

“आणि मशीन उजव्या हाताने धर,” मामा म्हणाला.

“धरतो.”

“तीन वर्षं धरतो म्हणतोयस. अर्धं बोट गेलं तरी अक्कल आली नाही.”

बोट गेलं होतं हे खरं. डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं, मधल्या पेरापासून. पहिल्याच वर्षी. चेनसॉ उजव्या हाताच्या माणसांसाठी बनवलेला असतो आणि मामाचा हा भाचा डावखुरा होता, म्हणून सगळे त्याला डावऱ्या म्हणायचे. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यावर सोडून तो मामाच्या ट्रकवर आला, तेव्हा वडील आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. तो आठवडा घरात सगळ्यात सुखाचा गेला होता.

त्या दिवशीचं झाड तुणीचं होतं. लाल लाकडाचं, सत्तर फुटी, एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या आवारातलं. त्यांना सगळी गल्ली हेडसर म्हणायची. बुंध्याशी बुरशीच्या बशा फुटल्या होत्या आणि झाड घराच्या वरच्या मजल्यावर कलत चाललं होतं. तीन दिवसांची परवानगी होती आणि तेवढे दिवस गल्ली दोन्ही बाजूंनी बंद. पहिल्या दिवशी खालच्या फांद्या, दुसऱ्या दिवशी मधल्या, तिसऱ्या दिवशी शेंडा. उरलेला सोट, म्हणजे नुसता सरळ बुंधा, क्रेनवाला उचलणार होता. शेंड्यापर्यंत क्रेनचा हात पोचत नव्हता, मध्ये घर येत होतं. तिथे माणूसच जायला हवा होता.

वारा होता. जोराचा नाही, पण थांबतही नव्हता. वर पानं सारखी उलटसुलट होत होती.

चौथ्या फांदीला डावऱ्याने खालून खाच मारली, वरून काप घेतला, शेवटचं बोटभर लाकूड राखलं आणि विचारण्यासाठी श्वास घेतला.

“मोकळं!” खालून मामा ओरडला.

डावऱ्याने खाली पाहिलं. मामा कमरेवर हात ठेवून, मान वर करून उभा होता. शेजारी पैलवान दोर धरून. दोघंही वाट बघत होते.

“खाली?” नियम म्हणून डावऱ्याने विचारलं.

“अरे, मोकळं म्हटलं ना! लेखी देऊ का?”

त्याने फांदी सोडली.

२

जेवणाच्या सुट्टीत तिघं ट्रकच्या मागच्या फळीवर डबे उघडून बसले. पैलवान हा मामाचा बावीस वर्षांपासूनचा माणूस. कुस्ती कधी खेळला नव्हता, पण अख्खी फांदी एकटा ओढत न्यायचा. तो कमी बोलायचा आणि बोलला की खायचा थांबायचा, म्हणून लोक ऐकायचे.

“मामा, कान तपासून घे,” डावऱ्या म्हणाला. “मी विचारायच्या आधीच ओरडतोस.”

“माझे कान? दोनदा तू बोंबलतोस आणि कान माझे तपासू?”

“मी एकदाच विचारतो.”

मामाने पैलवानाकडे पाहिलं. पैलवानाने घास खाली ठेवला.

“दोनदाच येतंय रे,” तो म्हणाला. “आधी एकदा वरून, मग तुझ्याकडून.”

“वरून म्हणजे? मी वरच आहे की.”

“तुझ्याहून वरून,” पैलवान म्हणाला, आणि पुन्हा खायला लागला.

“भिंतीवर आपटून येत असेल आवाज,” मामा म्हणाला. विषय त्याच्यापुरता संपला. डावऱ्याने पहिल्या वर्षाचं फिजिक्स तरी पूर्ण केलं होतं. भिंतीवर आपटलेला आवाज नंतर येतो. मूळ आवाजाच्या आधी तो येऊच शकत नाही. पण मामाशी फिजिक्स बोलण्यात अर्थ नव्हता. मामाच्या मते जगातली सगळी अक्कल त्याच्या तीस वर्षांत मावली होती, आणि त्यातलीही निम्मी डांबराची.

मामाने पायाने एका फांदीचा बुडखा उलटवला. “ही बघ. पुन्हा पायरी.”

ही डावऱ्याची खोड होती. डाव्या हाताने कापताना त्याची वरची रेघ खालच्या खाचेला नीट भेटायची नाही. कापाच्या डाव्या अंगाला करंगळीएवढा खांदा राहायचा. मामा त्याला पायरी म्हणायचा. “शंभर बुडखे टाक समोर, तुझे मी डोळे मिटून काढून देईन,” असं तो चारचौघांत सांगायचा. हे कौतुक नव्हतं.

“उद्या तूच चढून दाखव मग,” डावऱ्या बोलून गेला.

मामाने डब्याचं झाकण लावलं. दोन वर्षं तो झाडावर चढला नव्हता. गुडघा दुखतो, असं लोकांना सांगायचा. डावऱ्याने त्याला घरच्या जिन्यावरून भिंत धरून, डोळे मिटून, एकेक पायरी चाचपत उतरताना पाहिलं होतं. मामाला चक्कर यायची. मामीलाही माहीत नव्हतं. डावऱ्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं, मामालासुद्धा.

दुपारी पुन्हा वर गेल्यावर त्याला ओठ दिसले.

फांदी कापली की झाड त्या जखमेभोवती सालीचा गोल ओठ काढतं. वर्षानुवर्षं तो ओठ आत सरकत येतो आणि एक दिवस मिटतो. लोकांना वाटतं जखम भरली. झाड जखम भरत नाही, ते जखम गिळून टाकतं. डावऱ्या जी जी फांदी कापत होता, तिच्या वीतभर वर असा एकेक मिटलेला ओठ होता. म्हणजे तिथली मूळची फांदी कुणीतरी पूर्वी कापली होती आणि तिच्या बदल्यात ही आली होती. यात नवल नव्हतं. जुन्या झाडांना असतातच.

फक्त प्रत्येक ओठाला डावीकडे एक दुमड होती. खाली काहीतरी उंच राहिलं असावं आणि साल त्यावरून अडखळत गेली असावी, तशी.

त्याने सात मोजले. आठवा मोजला नाही.

३

दुसऱ्या दिवशी मधली जाड फांदी तुकड्या-तुकड्यांनी उतरवताना त्याचा काप अशाच एका ओठाच्या मधून गेला. तुकडा खाली पोचल्यावर पैलवान मामाला हाक मारताना दिसला. मग दोघं वाकून बघायला लागले. डावऱ्या खाली उतरला.

लाल लाकडाच्या पोटात जुना काप जसाच्या तसा बसला होता. काळपट, कोरडा, चार बोटं आत. झाडाने तो गिळला होता, पचवला मात्र नव्हता. त्यावर चेनसॉच्या दातांचे बारीक आडवे ओरखडे होते. डाव्या अंगाला पायरी होती.

पैलवानाने शेजारी डावऱ्याचा सकाळचा बुडखा आणून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. मग तो बाजूला जाऊन दोर गुंडाळायला लागला. गुंडाळलेलाच दोर.

तुणीची वर्षं मोजायला सोपी असतात, कडी स्पष्ट दिसतात. डावऱ्याने नखाने मोजली. जुन्या कापापासून सालीपर्यंत एक्केचाळीस.

“मामा, गावात पहिलं मशीन कुणी आणलं?”

“मीच. सत्तावीस वर्षं झाली. त्याआधी कुऱ्हाड आणि दोन माणसांची करवत.” हे मामा रोज सांगायचा. आज सांगून झाल्यावर त्याला प्रश्न कळला.

“मग हे एक्केचाळीस वर्षांपूर्वी कुणी कापलं? मशीनने? आणि डाव्या हाताने?”

“कडी दोनदाही पडतात एका वर्षात,” मामा म्हणाला. “पाऊस मध्ये तुटला की दोन. तुझ्या पुस्तकात नसेल.”

पुस्तकात होतं. आणि मामाचं हे म्हणणं बरोबर होतं, हे डावऱ्याला आवडलं नाही तरी हायसं वाटलं. एक्केचाळीस कडी म्हणजे वीस-बावीस वर्षं धरली तर हिशेब बसत होता. वीस वर्षांपूर्वी मशीन होतं. डावखुरी माणसं जगात ढिगाने आहेत. कुणीतरी एक डावखुरा या झाडावर चढला होता, वाईट कापत होता आणि निघून गेला होता. बस. यापलीकडे विचार करणाऱ्या माणसाने चाळीस फुटांवर जाऊ नये.

“पण एक आहे,” मामा बुडखा पायाने ढकलत म्हणाला. “तू एकटाच गाढव नाहीस जगात. दुसराही होता.”

तो हसला. डावऱ्याही हसला. पैलवान हसला नाही.

४

शेंडा घराच्या गच्चीआड जात होता, खालून नीट दिसत नव्हता. उद्याचा दोर कुठल्या बेचक्यात टाकायचा ते ठरवायला डावऱ्याने हेडसरांची वरची खोली मागितली. हेडसर स्वतः जिना चढून आले. पंचाहत्तरी उलटलेले, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. एक लाल.

“शिक्षण अर्धवट सोडलंस म्हणे.”

“हो.”

“का?”

“शिकवणारे तुमच्यासारखे होते.”

हेडसरांना हे लागलं नाही. अशी उत्तरं त्यांनी जन्मभर ऐकली असावीत. त्यांनी खोलीचं कुलूप काढलं. लोखंडी पलंग, त्यावर गुंडाळलेली गादी, टेबलावर दोरीने बांधलेले वह्यांचे गठ्ठे. खिडकीच्या वरच्या पन्हळीवर एक डहाळी घासत होती. एक लांब ओरखडा, थांबा, दोन छोटे. वारा अंगाला लागावा तसा तो आवाज लागत होता.

“एक तक्रार आहे,” हेडसर म्हणाले. “काल तुम्ही जेवायच्या वेळीही थांबला नाहीत. सव्वा वाजता मशीन चालू होतं. मला दुपारी पडायची सवय आहे.”

“काल एक ते दोन आम्ही ट्रकवर होतो. तिघंही.”

“मी घड्याळ पाहिलं.”

“दुसऱ्या गल्लीत असेल कुणाचं.”

“असेल,” हेडसर म्हणाले. चूक विद्यार्थ्याचीच आहे, पण आज मारायचं नाही, असा तो आवाज होता.

“सर, हे झाड आधी कुणी छाटलं होतं?”

“कुणीच नाही. वडील होते तोवर डहाळीला हात लावू दिला नाही. नंतर मी नाही लावू दिला. मी जन्मल्यापासून या झाडावर कुणी चढलेलं नाही.”

म्हातारी माणसं खोटं बोलतात हे डावऱ्याला माहीत होतं. त्यातली बरीचशी मुद्दाम बोलत नाहीत, त्यांना आठवतच तसं. हेडसर निघून गेले. जिन्यावर त्यांची चप्पल बराच वेळ वाजत राहिली.

तो खिडकीशी गेला. शेंडा आता वर तिरका, मोकळा दिसत होता, वीस-पंचवीस हातांवर. सोट संपतो तिथे शेवटचा जुना काप होता. तो मिटला नव्हता. मोबाइलचा कॅमेरा लांबवून त्याने तो जवळ आणला. काप अर्ध्यावरच थांबला होता. उरलेलं लाकूड फाटलं होतं आणि फाटता फाटता सालीची लांब पट्टी सोलून खाली आणली होती. खालची खाच उथळ पडली की असं होतं. वजन काप पुरा व्हायची वाट बघत नाही. फांदी फुटते आणि वरच्या माणसाकडे येते. अशा वेळी वरच्या माणसाचं काय होतं ते धंद्यातले लोक एकमेकांना जेवताना सांगत नाहीत.

फाटीच्या खाली सोटाला एक फुगवटा होता. झाडाने काहीतरी तोंडात धरलंय आणि गिळायचं राहिलंय, असा.

आणि कापाची पायरी उजवीकडे होती.

त्याने फोटो पुन्हा मोठा केला. उजवीकडेच. हा डावखुऱ्याचा हात नव्हता. हा दुसराच कुणीतरी होता, उजव्या हाताने कापणारा, अडाणी. डावऱ्याला इतकं बरं वाटलं की तो त्या लोखंडी पलंगावर टेकला. डहाळी पन्हळीवर घासत होती. एक लांब, थांबा, दोन छोटे.

“मोकळं!” खाली अंगणात मामा ओरडला.

डावऱ्या उठला नाही. मग उठला. खिडकीतून खाली पाहिलं. मामा झाडाखाली, फांद्या पडतात त्या जागेबाहेर उभा होता, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून, शेंड्याकडे मान करून. पैलवानाने दोर ताणून धरला होता. त्या दोराच्या वरच्या टोकाला कुणी नव्हतं. दोघं फांदी पडायची वाट बघत होते.

५

“तुला कुणी विचारलं?” खाली येऊन डावऱ्याने विचारलं.

“काय?”

“आत्ता मोकळं म्हणालास. कुणाला म्हणालास?”

“तुला. तू विचारलंस म्हणून.”

“मी हेडसरांच्या खोलीत होतो, मामा. पलंगावर.”

मामाने आधी खिडकीकडे पाहिलं, मग शेंड्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते डावऱ्याने जिन्यावर पाहिलं होतं, भिंत चाचपताना. मग मामाने नेहमीचंच केलं. न कळलेल्या गोष्टीवर तो ओरडला.

“मला शिकवतोस? दाढी फुटली नव्हती तेव्हा झाडावर होतो मी! एक शेंडा राहिलाय. उद्या अर्ध्या दिवसाचं काम. वारा आहे, बुंधा कुजलाय. आज सोडलं तर परवा तो त्या म्हाताऱ्याच्या छपरात असेल!”

“दुसऱ्या कुणाला तरी बोलाव.”

“कुणाला? आपल्याशिवाय आहे कोण इथे?”

“मी नाही चढणार.”

हे त्याने अगदी शांतपणे म्हटलं, आणि म्हटल्यावर त्यालाच मोकळं वाटलं. कॉलेज सोडताना असंच वाटलं होतं.

“ठीक आहे,” मामा म्हणाला. “नको चढूस. मी चढतो उद्या.”

त्याने ट्रकमधून स्वतःचा झाडावर चढायचा जुना पट्टा काढला. कातडं कडक झालं होतं, पोटावरून आवळताना तो कण्हला. मांडीच्या पट्ट्याचं टोक कडीतून ओवायचं होतं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. पैलवान मान फिरवून चाकाकडे बघत बसला. तिसऱ्यांदा मामाने कडी डोळ्यांजवळ आणली, तरी टोक तिच्या बाजूनेच गेलं.

“काढ तो,” डावऱ्या म्हणाला.

“कशाला? होतंय माझं.”

“काढ म्हणतो ना. सत्तर फुटांवर चक्कर आली तर तुला कोण उतरवणार? हेडसर?”

मामाचा हात थांबला. पट्ट्याचं टोक बोटांतून सुटलं.

“कधीपासून माहीत आहे?” त्याने वर न बघता विचारलं.

“बऱ्याच दिवसांपासून. मी जातो उद्या.”

मामाने पट्टा काढायला पैलवानाची मदत घेतली. घालताना घेतली नव्हती.

रात्री डावऱ्याने अंथरुणात ठरवलं. सगळं त्याच्यासारखं होतं, ठीक आहे. जागा त्याच्या, चुका त्याच्या, आवाज त्याचा. मग उद्या तो स्वतःसारखा वागणारच नव्हता. उद्या मशीन उजव्या हाताने. जन्मात पहिल्यांदा मामाचं ऐकायचं. एवढं केलं की ती सारखेपणाची साखळी तुटली. उजवा हात त्याचा नव्हताच कधी.

६

सकाळी वारा तसाच होता. मामाने आज डांबर नाही, सिमेंट नाही, काहीच सांगितलं नाही. दोराची गाठ स्वतः बांधली, दोनदा ओढून बघितली आणि डावऱ्याच्या पाठीवर पट्टा सरळ करायच्या निमित्ताने हात ठेवला.

“उजव्या हाताने धरणार आहे आज,” डावऱ्या म्हणाला.

मामाचा चेहरा उजळला. बापरे, किती थोडक्यावर खूश होतात ही माणसं. “अरे! हेच तर सांगतोय तीन वर्षं!”

वर जाताना त्याने डावीउजवीकडे पाहिलं नाही. ओठ होते, ते असू देत. हेडसरांच्या खिडकीला समांतर आला तेव्हा आत पलंगावरची गादी आता पसरलेली दिसली. हेडसर झोपायला वर आले असतील. येऊ देत.

शेंड्याखाली दोन बारीक फांद्या होत्या. पहिली उजव्या हाताने कापली. हात शिकाऊ पोराच्या अक्षरासारखा चालत होता, पण चालत होता. शेवटचं बोटभर राखून तो थांबला आणि कान देऊन राहिला.

काही नाही. पानं, वारा.

“खाली?”

“मोकळं!”

एकदाच. फांदी गेली. दुसरी फांदी कापली. पुन्हा थांबला. काही नाही. “खाली?” “मोकळं!” साधं, रोजचं, कंटाळवाणं काम. खालून पैलवानाने अंगठा दाखवला. त्यालाही एकदाच ऐकू येत होतं. डावऱ्याला मोठ्याने हसावंसं वाटलं. साखळी तुटली होती. इतकी वर्षं कुठलीही मोठी माणसं काहीही सांगोत, ऐकायचं नाही, हा त्याचा नियम होता. आणि एकदा ऐकलं तर सुटला होता.

मग शेवटचा शेंडा. मनगटाच्या चौपट जाड, घराकडे कललेला. जुन्या फाटलेल्या कापाच्या अंगानेच तो पुढे कधीतरी फुटून वर गेला होता. डावऱ्याने पाय रोवले, कमरेचा पट्टा सोटाभोवती आवळला. खालून खाच मारायला मशीन उलटं धरून वर रेटावं लागतं. उजव्या हाताला ते जड गेलं. पातं मध्येच अडकलं. त्याने ते हिसकून काढलं. खाच हवी तेवढी खोल गेली नसावी. पण झाली असेल. डाव्या हाताने त्याला खोली न बघताही कळली असती.

तोल सावरायला त्याने मोकळ्या डाव्या हाताने सोट धरला आणि वरून काप घ्यायला सुरुवात केली.

७

अर्ध्यावर आल्यावर त्याने मशीन मंद केलं. पातं सरळ चाललंय का ते बघायला मान वाकडी केली.

चाललं नव्हतं. वरची रेघ खालच्या खाचेला चुकवून चालली होती. पायरी पडत होती. उजवीकडे.

त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, किंवा त्याला बराच वेळ वाटला. मग शेजारच्या जुन्या कापाकडे पाहिलं. काळपट, अर्ध्यावर थांबलेला, उजवीकडे करंगळीएवढा खांदा. ओरखड्यांची तीच घाई. एका जागी पातं अडकून हिसकल्याची आडवी खूण होती. ती खूण त्याने आत्ताच, दुसऱ्या लाकडात, पाडली होती.

हा अडाणी उजवा माणूस नव्हता. हा डावखुरा होता. एकदाच, कुणाचं तरी ऐकून, उजव्या हाताने कापणारा.

मशीन बंद केलं पाहिजे, असं त्याला वाटलं, आणि त्याने ते केलंही. शांत झालं. त्या शांततेत खाचेतून पहिला आवाज आला. मोठा नाही. कोरडं दार आतून कुणी हळू लोटावं तसा. सालीची एक कड उचलली गेली आणि सोलत खाली यायला लागली, बोटाबोटाने, त्याच्या दिशेने.

उतरायचं होतं. त्यासाठी आधी डावा हात कमरेच्या कडीशी न्यायला हवा होता.

त्याने हाताकडे पाहिलं.

हात फुगवट्यावर होता. खोलीतून दिसलेल्या त्याच फुगवट्यावर. जवळून तो गोल नव्हता. साल त्यावरून जशी गेली होती, तसा त्याखालचा आकार कळत होता. एकाशेजारी एक चार उंचवटे, सोटाला घट्ट लपेटलेले, आणि पाचवा जरा खाली, आखूड, बाजूला. तिसरा उंचवटा अर्ध्यावरच संपत होता.

त्याची बोटं त्या उंचवट्यांवर होती. एकावर एक. तिसऱ्यावर तिसरं. कमी नाही, जास्त नाही.

वर पुन्हा आवाज झाला, या वेळी लांब. शेंड्याची पानं एकदम दुसऱ्या बाजूला वळली. खाली दोन लहान माणसं मान वर करून उभी होती आणि त्यातला एक त्याचा मामा होता, ज्याला त्याने अजून काहीही विचारलं नव्हतं.

“मोकळं!” मामा ओरडला. आज त्याच्या आवाजात कौतुक होतं.

हात उचलायचा होता. बाकी काही नाही, फक्त हात उचलायचा होता.